तिसऱ्या पुडीतला पाला

विंझर, १२ जुलै २०२४

छायाताई,

सप्रेम नमस्कार आणि पुढचं जे काय असतं ते धरून चाल.

पाल्याच्या दर पुडीबरोबर चिठ्ठी पाहिजे म्हणालीस. कुठं मिळाला, कधी खुडला, कुणी खुडला. तीन ओळी. तर केळदच्या वरच्या रानात, काल, मी. झाल्या तीन. एसटीचा कंडक्टर गेनूमामा, त्याच्या हाती पाच पुड्या देतोय, खुडल्या क्रमानं नंबर घातलेत, स्वारगेटला उतरवून घे.

पाला जरा मलूल वाटला तर त्याचं असं झालं. येताना पुण्याची पाचसहा पोरं भेटली, मढे घाटाची वाट चुकलेली. त्यांना दाखवायला गेलो, पिशवी चहाच्या टपरीवर ठेवून. वाटेत शेकरू दिसलं, मग तेच बघत बसलो. टपरीवाल्यानं पिशवी चुलीच्या कडेला सारली होती. पुढच्या खेपेला असं होणार न्हाई.

पाच कशाला, एकच पुरे असतं, असं तुला वाटेल. तू भोरला वाढलीस, सुट्टीपुरती हितं यायचीस, म्हणून सांगतो. तात्या काविळीचं औषध देतात हे साऱ्या वेल्ह्याला ठाऊक, पण कशाचं देतात ते माझ्या आईलाही न्हाई. खुडताना पाच झाडांचा पाला पिशवीत टाकतात, घरी येऊन चार फेकतात आणि एक वाटतात. दार लावून. नाव फुटलं की औषधाचा गुण जातो म्हणतात. मी सात वर्षांचा असल्यापासून ती पिशवी धरली, पण पाचातलं कुठलं ते मला कधी सांगितलं न्हाई. मागायचं न्हाई, देणाऱ्यानं आपणहून कानात सांगायचं असतं.

तुला सांगितलंय का गं? मे महिन्यात तू आलीस तेव्हा तात्यांनी मला मार्गासनीला चुना आणायला पाठवलं होतं. चुना घरात होता.

तात्या बरे आहेत. दिवाळीपासून कॅन्सरच्या गोळ्या चालू आहेत, सात महिने गाठ गप्प होती आणि आता जूनच्या फोटोत वाढलेली दिसली, हे तुला माझ्या आधी कळलं असणार. डॉक्टर तुझ्याशीच इंग्रजीत बोलतात. मी पोटचा, तू पुतणी, पण तात्यांना आता उठल्यासुटल्या ‘माझी छाया बघंल काय ते’. पाणी मी देतो, गोळी मी देतो, बघणार मात्र छाया.

जाऊ दे. पेपर परत पाठव, घरात गुंडाळायला काय न्हाई.

इंद्रजित

*

पुणे, १९ जुलै

इंद्या,

पुड्या मिळाल्या. चौथीला चहाचा वास येतोय.

तू फोनवर ‘हा, हा’ करून ठेवून देतोस म्हणून लिहिते. तात्यांच्या गोळ्या थकल्या असं काकू म्हणते. गोळ्या तशाच आहेत, गाठ हुशार झाली आहे. पेशीच्या भिंतीत पंप असतात असं समज. औषध आत शिरलं की ते उपसून बाहेर टाकतात. सुरुवातीला असे पंप थोड्याच पेशींत असतात. गोळीनं बाकीच्या मेल्या, या उरल्या आणि याच वाढल्या. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये हे फार होतं. आणखीही वाटा आहेत त्यांच्या, पण आमच्या लॅबमध्ये मी या पंपांच्या मागे आहे. एखाद्या झाडातलं द्रव्य तो पंप अडवू शकेल का, एवढाच माझा प्रश्न. अडवला तर तीच गोळी पुन्हा लागू पडेल. कदाचित.

पुढच्या वेळी फक्त तिसऱ्या पुडीतला पाला पाठव, दुप्पट. बाकीचे चार नकोत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तात्या गोळ्यांबरोबर दुसरं काही घेतात का? काढा, चूर्ण, कुणी आणून दिलेलं काहीही. डॉक्टरांनी विचारलं तर ते ‘न्हाई’ म्हणतात, पण औषधाचं नाव तोंडातून काढायचं नाही हे त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की त्यांच्या ‘न्हाई’वर माझा भरवसा नाही. तू बघून सांग. फोडणीत काय पडतं तेसुद्धा.

पेपर सोबत आहेत. चिठ्ठी तीन ओळींची लिहिलीस तरी चालेल.

छायाताई

*

विंझर, २ ऑगस्ट

छायाताई,

तिसरी.

म्हणजे सांगितलं तुला.

मी आजवर पाचवी धरून चाललो होतो. पाचवं झाड तात्या नेहमी शेवटी खुडायचे, हळू हाताने, म्हणून मला वाटायचं हेच. नववीत असताना मी त्याचा पाला चोरून चघळला, दोन दिवस जीभ लाकडासारखी. कुणाला बोललो न्हाई. आता कळलं की ते फेकायचं झाड होतं. सोळा वर्षं पिशवी धरणाऱ्यानं फेकायच्या पाल्याची पूजा केली आणि जी मे महिन्यात चार दिवस येऊन आंबे खाऊन जाते तिला तिसरं कळलं.

मी दहावीला गटांगळी खाल्ली हे खरं. त्यानंतर कुठंच टिकलो न्हाई हेही खरं. टेम्पोवर तीन महिने, हायवेच्या हॉटेलात दोन, गडावर लोकांना फिरवायचं काम त्याला दीड वर्ष झालं पण ते काम म्हणत न्हाईत. तरी झाडाचं नाव सांगायला शाळा लागते का? तात्या स्वतः चौथी.

पंपाचं वाचून दाखवलं त्यांना. लई हसले. म्हणाले, आपल्या विहिरीवर बसवायला तीन वर्षं वीज मिळंना आन माज्या पोटात फुकट बसला. मग म्हणाले, छायेनं किती सोपं करून सांगितलं बघ. वाचून मी दाखवलं होतं.

तिसऱ्याचा पाला दुप्पट पाठवतोय. आदल्या दिवशी जाऊन झाडाला आवतण देऊन आलो, तात्या देतात तसं. बुंध्याशी चार तांदूळ ठेवायचे, उद्या न्यायला येतो म्हणायचं, मागं न बघता यायचं. तुमच्या कागदावर ह्याला रकाना नसेल.

दुसरं काही घेतात का म्हणून विचारलंस. न्हाई. गोळ्या, भाकरी, मुगाचं पाणी.

मी आता सकाळी लवकर उठतो. चूलही मीच पेटवतो. आई म्हणते, बाप आजारी पडला तसा शहाणा झाला.

इंद्रजित

*

पुणे, २९ ऑगस्ट

इंद्या,

राखी पोचली का? तू काही कळवलं नाहीस.

एक चांगली आणि एक वाईट बातमी आहे. चांगली आधी सांगते. गोळीला दाद न देणाऱ्या पेशी आम्ही काचेच्या ताटलीत वाढवतो. नुसती गोळी दिली तर शंभरातल्या ऐंशी जगतात. तिसऱ्या पाल्याचा अर्क आधी दिला आणि मग गोळी, तर पस्तीसच्या आसपास. तीनदा करून पाहिलं, तिन्हीदा तसंच. सर स्वतः ताटली बघायला उठून आले. सप्टेंबरच्या शेवटी मला हैद्राबादला हे मांडायला पाठवतायत. पोस्टरवर खाली आभारात तुझं नाव घातलं आहे.

पण हे ताटलीत. ताटली म्हणजे तात्या नव्हेत, हे मी सरांनाही म्हणाले आणि तुलाही सांगते. अजून उंदरालाही दिलेलं नाही.

वाईट बातमी तुला घरात दिसत असेलच. तात्यांच्या तळहातांची, तळपायांची सालं निघतायत. या गोळ्यांनी ते होतं, पण नऊ महिने नव्हतं आणि आता एकदम इतकं. रक्तातले लिव्हरचे आकडे तिप्पट झालेत. डॉक्टर गोंधळलेत. म्हणतात, असंच राहिलं तर गोळ्या बंद कराव्या लागतील. बंद केल्या तर गाठीला मोकळं रान.

म्हणून पुन्हा विचारते. काही घेतायत का ते?

छायाताई

*

विंझर, ६ सप्टेंबर

छायाताई,

एकदा सांगितलं न्हाई म्हणून. परत परत काय विचारायचं? तुझ्या तात्यांनी तुला सगळं सांगितलंय, हेही त्यांनाच विचार.

राखी पोचली. बांधली. तात्यांनी ती उलटसुलट बघितली, म्हणाले छायेची निवड. राखी बांधली माझ्या हाताला, कौतुक तुझ्या हाताचं.

आभारात नाव घातलंस त्याबद्दल आभार. खाली म्हणजे किती खाली? बारीक अक्षरात का? मोबाईलवर फोटो आला तो मी वाढवून वाढवून बघितला. तुझ्या सरांचं नाव केवढं. ते केळदच्या रानात कधी चढले होते? कळकीच्या बेटाजवळ बांबूचा पाला कुजून निसरडं आहे तिथं मी पडलो, गुडघा फुटला, तोही आभारात घालायचा होतास.

तो फोटो तात्यांनी चावडीपाशी सगळ्यांना दाखवला. मोबाईल मी धरला होता, त्यांच्या बोटांना आता पडद्यावर सरकवता येत न्हाई. पेलाही मीच तोंडाला लावतो. कोण कोण विचारत होतं, कोंडिबा, ही तुमची पोरगी? तात्या म्हणाले, पोरगीच म्हणा.

मला एक सांग. ताटलीत जे जमतं ते माणसात का जमू नये? नुसतं विचारतो. तुम्ही उंदराला देणार, मग दुसऱ्या उंदराला, मग कागद, मग हैद्राबाद. तोवर तात्यांनी काय करायचं? थांबायला त्यांना कुणी कागद दिलाय का?

पाला ह्या खेपेला पाठवत न्हाई. पाऊस लई आहे.

इंद्रजित

*

पुणे, २६ सप्टेंबर
तुझ्या होस्टेलच्या वॉचमनकडे ठेवतोय

ताई,

तू हैद्राबादला आहेस. तू यायच्या आधी हे इथं असावं म्हणून दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. तोंडानं सांगायला जमणार न्हाई.

काल बुधवार. बुधवार-रविवार तात्यांचा औषध द्यायचा वार, आजारपणातही ते सकाळी अंगोळ करून ओट्यावर बसायचे. मार्गासनीचा एक माणूस पोरीला घेऊन आला, आठनऊ वर्षांची, डोळे पिवळे. तात्यांनी तिची पापणी खाली ओढायला हात पुढं केला. पोरगी त्यांच्या तोंडाकडं बघत होती. बापाला म्हणाली, ‘ह्यांचे डोळे तर माज्याहून पिवळे हायती.’ मग बापानं नीट बघितलं. चप्पल घातली, पोरीचा हात धरला. जाताना नमस्कार करून गेला, तेच लई वाईट वाटलं. तात्या हात तसाच धरून बसले.

ताई, मी देत होतो.

तुझं पत्र आलं, तिसरी पुडी म्हणून, त्याच आठवड्यापासून. रोज सकाळी आई उठायच्या आत काढा करायचो, गोळीबरोबर द्यायचो. मुगाचं पाणी म्हणून. आधी एक वाटी, तुझी ऐंशी-पस्तीसची बातमी आली तसं दोन. तात्या बरे व्हावेत म्हणून, हे खरं. पण तेवढंच असतं तर तुला सांगितलं असतं. तुझ्या ताटलीच्या आधी माझ्या वाटीनं व्हावं, हे त्यात होतं. तात्या ठणठणीत होऊन चावडीवर म्हणतील, छाया न्हाई, माझ्या इंद्यानं. हे रोज काढा उकळताना मनात म्हणायचो. तू दोनदा विचारलंस, मी दोनदा खोटं लिहिलं.

आज सकाळी त्यांना घेऊन आलो आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. उरलेला पाला आणि पातेलं घेऊन आलो होतो, एसटीत मांडीवर. डॉक्टर ओरडले न्हाईत. कधीपासून, किती, गोळीच्या आधी का नंतर, सगळं लिहून घेतलं. मग तात्यांना म्हणाले, ‘मी दर खेपेला विचारत होतो, तुम्ही नाही का म्हणालात?’

तात्या म्हणाले, ‘नाव घ्यायची रीत न्हाई सायेब.’

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. बाहेर आल्यावर मी विचारलं, मुगाचं पाणी न्हाई हे कधी कळलं? म्हणाले, ‘पयल्या घोटाला. चाळीस वर्षं वाटतोय, चव कळंना व्हय मला?’ मग का प्यालात? तर म्हणाले, ‘तू रोज येरवाळी उठत व्हतास.’

गोळ्या बंद केल्यात. दाखल करून घेतलंय. खाट जनरल वॉर्डात, खिडकीजवळ.

इंद्रजित

*

पुणे, ३ ऑक्टोबर

इंद्या,

वॉर्डात तुझ्याशी बोलले नाही. बोलले असते तर काय बोलले असते माहीत नाही. आता आठवडा झालाय, लिहिते.

पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा तुझा राग आला नाही, माझा आला. ‘तिसरी पाठव’ असं लिहिताना मी एकदाही विचार केला नाही की तू ते कसं वाचशील. आणि ताटलीचे आकडे तुला कळवायची घाई मला झाली होती. तुला दाखवायचं होतं. हे आज लिहितानाही जड जातंय.

तू उकळत होतास त्याच दिवसांत मी चांगल्या, निरोगी पेशींवर तोच अर्क देऊन बघत होते. पंप त्यांच्यातही असतात इंद्या. आपल्या लिव्हरची राखण करायला असतात. अर्कानं तेही अडले आणि गोळी आतच साठत गेली. तात्यांच्या अंगात हेच झालं असेल का, काढ्यानं झालं की आजारानं, छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकत नाही. काढा बंद केल्यावर आकडे उतरायला लागलेत, एवढं खरं. हैद्राबादला मी तो भागही मांडला. टाळ्या कमी पडल्या.

आता मे महिन्याचं सांगते. तू चुना आणायला गेला होतास. मी तात्यांना म्हणाले होते, मला कशाला, इंद्याला सांगा, त्याचा हक्क आहे. त्यावर ते जे म्हणाले ते तुला सांगू नको अशी त्यांनी शपथ घातली होती. मोडते.

म्हणाले, ‘त्याला सांगितलं तर तो बांदला जाईल. नाव घेतलं की बुदवार-रविवार दारात बसाया लागतं, मरंस्तवर. मी चाळीस वर्षं यष्टीनं सासवडच्या पल्याड गेलो न्हाई. त्याला फिरू दे. तू न्हाईतरी नाव कागदावर लिवणार, तुजा गुण जायचा सवाल न्हाई.’

ऐकलंस? मला दिलं ते जड नव्हतं म्हणून दिलं. तुला दिलं नाही ते तुला जड होईल म्हणून. मे महिन्यात हे ऐकलं तेव्हा मी तुझा हेवा केला. तुला सोळा वर्षं त्यांच्या मागे पिशवी धरून चालायला मिळालं. मला एक शब्द मिळाला.

मंगळवारी डिस्चार्ज मिळेल. न्यायला तू ये.

छायाताई

*

विंझर, १४ जानेवारी २०२५

छायाताई,

पत्राला उत्तर द्यायला सव्वातीन महिने लागले. तोवर भेटलो ते वेगळं. पण त्या पत्राला उत्तर लिहायचं तर काय लिहायचं, हे चालता चालता ठरवत होतो आणि मध्ये दुसरंच काही दिसायचं.

तात्यांचे हात बरे झालेत. नवी कातडी लहान पोराच्या तळव्यासारखी गुलाबी आलीय, ते सगळ्यांना दाखवतात. गोळ्या कमी करून परत दिल्या होत्या, पण डिसेंबरच्या फोटोत गाठ वाढलेलीच, ते तुला ठाऊक आहे. नवीन औषध शिरेतून द्यायचं म्हणतायत. तात्या म्हणाले, ह्योबी पंप शिकंल. मग म्हणाले, शिकंस्तवर तरी बघू.

ऑक्टोबरात घरी आणलं त्यानंतरचा पहिला बुधवार. तात्यांना ओट्यावर बसवत नव्हतं. लोक आलेच, चार. मला कळेना काय करायचं. मी ओट्यावर जाऊन बसलो. औषध न्हाई म्हणून सांगितलं. दोघं उठून गेले. एका म्हातारीला विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत का. तिनं कमरेची पिशवी काढली, टीबीच्या गोळ्या निघाल्या, त्यांनीही लिव्हर बिघडतं असं तात्यांच्या वॉर्डात ऐकलं होतं. तिला गेनूमामाच्या गाडीत बसवून भोरला रक्त तपासायला पाठवलं. आतून तात्या सगळं ऐकत होते. आत गेलो तर म्हणाले, ‘म्या चाळीस वर्षांत ह्ये कुणाला इचारलं न्हाई.’ एवढंच. जेवले न्हाईत त्या दिवशी.

तेव्हापासून बसतोय. गडावरच्या माणसाला सांगितलं, बुधवार-रविवार जमणार न्हाई. तो म्हणाला, रविवारीच तर पुण्याचे येतात. मी म्हणालो, माझ्याकडंपण रविवारीच येतात. पाला कुणाला देत न्हाई. डोळे बघतो, गोळ्या विचारतो, गाडीत बसवून देतो. निम्मे शिव्या घालतात. तो मार्गासनीचा माणूस परवा पोरीला दाखवायला आला, बरी झाली होती. पोरगी आत जाऊन तात्यांचे डोळे बघून आली, म्हणाली, थोडे कमी हायती.

कोजागरीच्या सुमारास तात्यांनी जवळ बोलावलं. काय म्हणून वाकलो, तर कानात नाव सांगितलं. झाड सोळा वर्षं बघत होतो, नाव पहिल्यांदा ऐकलं. मी म्हणालो, आता कशाला, मी बांधला जाईन की. म्हणाले, ‘बसलास न्हवं? मग घे.’

तू कळवलंस, उद्या सरांना भेटायला ये, त्यांना पाला खुडणारा बघायचाय. यायचं लई मनात होतं. खरं सांगतो, अजूनही जळतो मी तुझ्यावर, त्या काचेच्या खोलीत तू पांढरा कोट घालून फिरतेस त्याच्यावर. पण उद्या बुधवार आहे.

पुडी गेनूमामाकडे देतोय, सोबत आईच्या तिळाच्या वड्या आहेत, त्यांना चहाचा वास लागू दिला न्हाई. चिठ्ठी तू म्हणतेस तशी, तीन ओळींची. एक जास्त झालीय.

कुठं: केळदच्या वरचं रान, कळकीच्या बेटामागं.
कधी: मंगळवार, सकाळी. आवतण सोमवारी.
कुणी: इंद्रजित कोंडिबा.
नाव: ठाऊक आहे.